मयताच्या घरी मी ‘येते’ म्हणाले

पुण्याहून आम्ही सातजण निघालो तेव्हा अंगात जांभळे टी-शर्ट होते आणि डोक्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण. टी-शर्टांवर ‘आम्ही ऐकतो आहोत’ असं छापलं होतं, पण पाठीवर. म्हणजे आम्ही पाठ फिरवली की मगच ते लोकांना वाचता येणार. मी हे आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "ताई, नकारात्मकता घरी ठेवून या." मी निवृत्त ग्रंथपाल. आघात झालेल्या माणसांना धीर द्यायला स्वयंसेवक हवेत, असं वाचून नाव दिलं होतं. घरात माझं कोणी ऐकत नाही, तेव्हा आपणच कोणाचं तरी ऐकावं, असा साधा विचार.

सकाळी लातूरला उतरलो आणि नाश्त्याला एका हॉटेलात शिरलो. कोणीतरी ‘सुशीला’ (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार) मागितली. मालक हात पुसत म्हणाला, "सुशीला संपली की ओ. आताच संपली."

सरांनी ताबडतोब मान डावीकडे कलती केली. प्रशिक्षणात शिकवलेली सहानुभूतीची मुद्रा ती हीच. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं त्यांच्या?"

मालकानं रिकाम्या कढईकडे बघितलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी भेटंल जी सुशीला. सध्या भजे हाईत, देऊ का?"

भजी उत्तम होती. सरांनी घेतली नाहीत.

उदगीरपर्यंत एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर गुडघाभर सोयाबीन. आभाळ स्वच्छ, वारा गार. सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. उदगीरला काळी-पिवळीत (प्रवासी जीप) कोंबून बसलो. शेजारचे पागोटेवाले आजोबा मागे बसलेल्यांशी तेलुगूत बोलत होते आणि माझ्याशी मराठीत. माझा टी-शर्ट न्याहाळून त्यांनी विचारलं, "कोणत्या पार्टीचे म्हणायचे तुमी?" मी म्हटलं, आम्ही ऐकायला आलोय. "मग बरंय," आजोबा म्हणाले आणि गाव येईपर्यंत आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले.

लातूर जिल्हा संपून नांदेड सुरू होतो तिथलं ते गाव. नऊ दिवसांपूर्वी तिथे खुरपणी करणाऱ्या बायकांवर वीज पडली होती. शेवंता गेली. तिच्याजवळ उभी असलेली तिची मैत्रीण पार्वती वाचली. अंगणवाडीताई सुरेखा आम्हाला घ्यायला फाट्यावर आली होती. चालता चालता तिनं सांगितलं, "शेवंताची सासू कोंडाबाई धीराची हाय. खरी काळजी पार्वतीची. बोलना, खाईना. सगळं गाव कोंडाबाईकडं बसायला जाऊन आलं, ही एकटी गेली न्हाई. घरं तर समोरासमोर हाईत. तेरावा झाल्यावर मग कोणत्या तोंडानं जाईल ती?"

सर बाकीच्यांना घेऊन सरपंचांसोबत फोटोला गेले. सुरेखा आणि मी कोंडाबाईकडे गेलो.

माझ्याकडे सहा चेहऱ्यांचा तक्ता होता: राग, भीती, दुःख वगैरे. ‘आपल्याला आत्ता यातलं कोणतं वाटतंय’ असं विचारायचं. मी तो उघडला. कोंडाबाई शांतपणे बघत होत्या. बाजूच्या म्हातारीनं रागाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून सांगितलं, "ही आमच्या जावंसारखी दिसायली." मी तक्ता मिटला. मग बराच वेळ नुसती बसले आणि तेवढं मात्र बरं जमलं.

निघताना प्रशिक्षणातला मुद्दा क्रमांक सात आठवला: पुन्हा येण्याचं आश्वासन द्या. उंबऱ्यात उभी राहून मी खणखणीत आवाजात म्हणाले, "येते हं मावशी. पुन्हा नक्की येते."

बसायला आलेल्या बायकांनी झटकन माना वर केल्या. म्हातारीनं मांडीवरचं नातवंड पदराखाली ओढलं. सुरेखानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"ताई, मयताच्या घरून निघताना येते म्हणतात का कुठं?"

म्हणत नाहीत. न बोलता उठायचं असतं, नाहीतर पुन्हा अशाच कारणासाठी येण्याची वेळ येते. हे माझ्या आईनं मला परकर नेसत असल्यापासून शिकवलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची शिकवण तीन दिवसांच्या प्रशिक्षणानं साफ पुसली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तशीच समोर पार्वतीच्या घरात शिरले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढ्यात भाकरी वाळून गेली होती. तक्ता काढायचं धाडसच उरलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसकण मारली आणि मनात होतं तेच बोलून गेले. "बाई, मी आत्ता फार मोठा गाढवपणा करून आले. कोंडाबाईंच्या दारात येते म्हणाले."

पार्वतीनं मान वळवली. "मयताच्या घरी? येते म्हणलाव?"

"दोनदा म्हणाले."

"व माय!" ती म्हणाली. सुरेखा दारात ताठ उभी राहिली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिनं पार्वतीचा आवाज ऐकला होता. "लेकराबाळांचं घर हाय ते. असं कसं म्हणलाव? मग मावशी काय म्हणली?"

"काही नाही. नुसत्या बघत राहिल्या."

पार्वती उठली. भिंत धरत उठली, पण उठली. "चला. परत जाऊन बसा आन् न बोलता उठा. त्याबिगर सुटत न्हाई ते." मला हाताला धरून तिनं रस्ता ओलांडला. उंबऱ्याशी आल्यावर, आपण कुठे आलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"मावशी, ह्या बाईला कळत न्हाई, मनावर घेऊ नका," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "मीच बोलावले तिला लिंबाखाली. भिजायलीस की माय, इकडं ये म्हणले."

कोंडाबाई उठून तिच्यापाशी आल्या. "तू कशाला रडायलीस? आभाळ आलं तर झाडाखाली थांब, असं मीच सांगून धाडले होते तिला घरून." मग त्या तिच्याजवळ खाली बसल्या. "नऊ दिस झाले, दाराकडं बघून राहिले. सुतकातलं माणूस, मला तुझ्या घरी येता येईना. किती वाट बघायला लावलीस गं!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. मान कलती करायची राहून गेली.

बऱ्याच वेळानं मी उठले. कोणाकडे न बघता, तोंडातून अवाक्षर न काढता बाहेर पडले. पाठीवरचं ‘आम्ही ऐकतो आहोत’ तेवढं सगळ्यांना दिसलं असेल.

पार्वतीला घरी सोडलं. सुरेखानं पिठलं-भाकरी आणली, तिनं चार घास खाल्ले. जीपची वेळ झाली. आता तोंड उघडायचंच नाही असं ठरवून मी तिच्याही घरातून चोरासारखी निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच मागून आवाज आला.

"ओ बाई! कामून न बोलता चाललाव? माझ्या घरी कोणी मेलं न्हाई. मी जित्ती हाय. येते म्हणा."

मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

परतीला लातूर स्टेशनवर सरांनी फॉर्म वाटले. ‘वापरलेले तंत्र’ या रकान्यात मी लिहिलं: गाढवपणा. ‘पुनर्भेट’ या रकान्यावर सरांनी आधीच काट मारून ठेवली होती. पुढचा उपक्रम दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणाले. मी त्यांना टी-शर्ट धुवून परत करणार आहे. उदगीरची वाट आता मला माहीत झाली आहे आणि पार्वतीला मी येते म्हणून बसले आहे.