दसऱ्याचं कुंकू आणि मंचेरियलची फ्लॉपी

ऑक्टोबर १९९२, दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: आदिलाबाद, आमच्या शिक्षणसंस्थेचं दफ्तर. हजर: मी म्हणजे याद्या करणारी कारकून, दफ्तराचे अटेंडर, म्हणजे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, पहिल्या बसनं नागपूरहून आलेला कॉम्प्युटरचा मेकॅनिक, आणि मंचेरियलच्या आमच्या शाळेतली एक शिक्षिका, तिला मी इथे बाई म्हणते. गैरहजर: सेक्रेटरी साहेब. ते गुरुवारच्या बैठकीआधी येणार नव्हते, आणि त्या दिवशी तेच बरं वाटलं.

कॉम्प्युटर संस्थेला एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं दिला होता. सगळ्या शाळांच्या शिक्षकांची सेवाज्येष्ठतेची यादी मी त्यात भरली होती. मला सवय अशी की एखादी गोष्ट एकाच जागी असली तर झोप लागत नाही. म्हणून यादीच्या नकला मी फ्लॉप्यांवर घेत असे. शाळांचे भाग चार: आदिलाबाद, बेला, भैंसा, मंचेरियल. भागाला एक फ्लॉपी, म्हणजे एका संचात चार. असे दोन संच. एक दफ्तराच्या कपाटात, दर शनिवारी ताजा होणारा. दुसरा माझ्या घरी पत्र्याच्या डब्यात, तो पंधरा दिवसांनी आणायचा, नवा करायचा, त्याच संध्याकाळी परत न्यायचा. नियम एकच होता. दोन्ही संच एका छपराखाली रात्रभर राहायचे नाहीत.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस वीज सारखी येत-जात होती. त्यात मशीनच्या आतली डिस्क टकटक करायला लागली आणि गप्प झाली. मी नागपूरला फोन लावला आणि निवांत राहिले. दोन संच होते ना.

बाईंचं सगळं याच यादीवर टांगलेलं होतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी बेल्याला सासू-सासऱ्यांजवळ आणि त्या स्वतः मंचेरियलला. महिन्यातून दोनदा भेट. बेल्याच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती आणि मागणारे दोघं. ज्याची सेवा जास्त त्याला जागा. बाईंची सुरुवातीची तीन वर्षं एका बंद पडलेल्या शाळेत गेली होती, ती जुन्या कागदी यादीत कुणी धरलीच नव्हती. मी त्या शाळेचे हजेरीपट शोधून श्रावणात ती वर्षं मशीनमध्ये चढवली. त्यानंतर गोदाम गळलं आणि हजेरीपटांचा लगदा झाला. छापील प्रत काढायची तर प्रिंटरची रिबन संपलेली. म्हणजे बाईंची तीन वर्षं आता फक्त मंचेरियलच्या फ्लॉप्यांवर होती. त्या नसत्या तर गुरुवारी साहेबांपुढे जुनी यादी गेली असती आणि बेला दुसऱ्याला.

मेकॅनिकनं नवी डिस्क बसवली. मी कपाटातून दोन्ही संच काढून पहिली फ्लॉपी पाकिटातून ओढली. त्या फ्लॉप्या जुन्या, मोठ्या, काळ्या पातळ कव्हरच्या. मधे लांबट खिडकी, तिथून आतली तपकिरी तबकडी उघडी दिसते. त्या खिडकीत बरोबर मधोमध हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट, वाळून खडखडीत. दुसरी काढली, तेच. आठही तशाच.

मेकॅनिकनं विचारलं, हे कोणी केलं. मामा पुढे आले.

"म्या केलं. दसऱ्याले समद्या हत्याराईची पूजा राह्यते. याच्या कपाळालेच लावलं."

"मामा, ते कपाळ नाही. मशीन तिथूनच वाचते."

"मंग कुठं लावाचं होतं? बाकी त अंगभर काळंच काळं हाये."

बाकावर बसलेल्या बाई उठून आल्या. त्यांनी एक फ्लॉपी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "नवरी बी इतकी माखत नाई, मामा." हसल्या आणि फ्लॉपीवरचं नाव वाचून ती खाली ठेवली.

मेकॅनिक बरा माणूस होता. त्यानं एक उपाय सांगितला, शाश्वती दिली नाही. पाणी उकळून कोमट करा, त्यात साबणाचा एक थेंब टाका. ब्लेडनं कव्हरची वरची कड चिरायची, तबकडी काढून धुवायची, वाळवायची आणि नव्या कोऱ्या फ्लॉपीतली तबकडी काढून त्या कव्हरात ही सरकवायची. बोट फक्त मधल्या भोकात घालायचं, पृष्ठभागाला लावायचं नाही. मामांनी पुसायला कापूस आणला, चांगला पसाभर. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. मेकॅनिकनं तो परत केला, तंतू चिकटतात म्हणून. मग मामांनी घरी जाऊन मलमलचं धुवट धोतर आणलं आणि त्याचे टरकन चौकोन फाडले.

दुपारपर्यंत आठ तबकड्या पत्रावळींवर वाळत होत्या. बाई वर्तमानपत्रानं माश्या हाकत बसल्या. मुलीनं गेल्या खेपेला विचारलं होतं की तू पाहुणी हायेस का, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. तोंडानं सांगितलं आणि हातानं माश्या हाकत राहिल्या.

दफ्तराच्या संचातल्या आदिलाबाद, बेला, भैंसा वाचल्या. मंचेरियल लागली आणि मशीन कर्रकर्र करायला लागली. तीनदा लावली. नाही. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग घरच्या संचातली मंचेरियल. तीही पहिल्यांदा नाही. मेकॅनिकनं ती बाहेर काढली, पुन्हा धुतली, फुंकर न घालता वाळू दिली. साडेचारला पडद्यावर ओळी आल्या. मी बाईंच्या नावापर्यंत खाली गेले. रुजू दिनांक पाहिला. तीन वर्षं जागेवर होती.

रिबन नव्हतीच, म्हणून पडद्यावरून अख्खी यादी मी हातानं उतरवली आणि गुरुवारी साहेबांपुढे ठेवली. बाईंना बेला मिळालं.

ही हकीकत पुढे संस्थेत फार रंगली. मामांचं नावच पडलं, फ्लॉपीचे भटजी. बाई बेल्याहून कधी दफ्तरात आल्या की आधी त्यांनाच टोमणा मारत, "मामा, माह्या बदलीले हळद लावून ठेवली होती तुमी." मामा मान खाली घालून हसत. "चुकलंच माहं," इतकंच म्हणत.

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. घरचा संच त्या दिवशी दफ्तरात कसा होता? तो मी आणला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा म्हणाले, "ताई, तुमच्या घरच्या फ्लॉप्याईले काऊन उपाशी ठेवता? त्याईले बी वर्षातून एक दिवस टिळा लागू द्या." आमच्या घरी दसऱ्याला अशी पूजा नसते, बुद्धवंदना असते. पण मामा इतक्या हौसेनं तोरण बांधून राहिले होते की मला नाही म्हणवेना. दुपारी घरून डबा आणून टेबलावर ठेवला आणि मी चहाचं बघायला गेले. परत आले तोवर सगळं पाकिटात घालून नीट बंद झालेलं. सुट्टी पुढे होती, डबा मी दफ्तराच्या कपाटातच सोडला. नियम माझा होता आणि तो मीच मोडला. मामांना हे पक्कं माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते कुणापुढे काढलं नाही, माझ्यापुढेही नाही.

मामा आता नाहीत. बाई बेल्याला आहेत, निवृत्त झाल्या, मुलीचं लग्न झालं. भेटल्या की अजून म्हणतात, मामांनी बुडवलं आणि तुम्ही तारलं. माझ्या वहीत दर महिन्याच्या कामांची यादी असते, झालं की मी रेघ मारते. एक ओळ मी वहीमागून वहीत उतरवत आले आहे: बेल्याला जाणे, बाईंना डब्याचं सांगणे. तिच्यावर अजून रेघ नाही.