दुसरा आवाज

लहानशा धावपट्टीवर पाखरं उडवायचं काम तो करायचा, म्हणून सगळे त्याला पाखऱ्या म्हणत. विमान उतरायच्या आधी जीपमधून पट्टीच्या कडेनं जायचं आणि गवतात थवा बसलेला दिसला की त्याच्यावरच्या आभाळात एकनळी बंदुकीचा बार काढायचा. काडतूस छऱ्यांचं नसे, फटाक्याचं असे. नळीतून सुटताना एक आवाज, लांब हवेत फुटताना दुसरा. पाखरं उठायची ती दुसऱ्याला. कुंपणापलीकडेच त्याचं घर होतं. बायको कपडे वाळत घालता घालता आवाजांच्या जोड्या ऐकायची. जोडी पुरी झाली की नवरा सुखरूप.

कारण दुसरा आवाज आला नाही, तर फटाका नळीतच अडकलेला असू शकतो, आणि त्याच्यामागून पुढचं काडतूस उडवलं तर नळी हातात फुटते. ज्या म्हाताऱ्यानं त्याला काम शिकवलं, त्यानं एक सवयही लावली होती. दर बारानंतर दम धरायचा, बंदूक बिजागरीवर मोडून रिकामी करायची आणि नळीतून बघायचं. पलीकडे आभाळाचा गोल तुकडा दिसला, तरच पुढचं काडतूस.

बारांनी पाखरांच्या आधी त्याचे कान पळवले. उजवा साफ गेला. डाव्यात उरलं ते पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसं. तो ओठ वाचायला शिकला, पण बहिऱ्याला बंदुकीचा परवाना मिळत नाही, आणि परवाना गेला की नोकरी गेली. नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टर पाठीमागून शब्द पुटपुटायचे आणि त्यानं ते पुन्हा म्हणून दाखवायचे. तोड काढली मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ. पाखऱ्यानंच शब्द टाकून त्याला जीपवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलं होतं. तो डॉक्टरांच्या खोलीत समोर उभा राहिला आणि ऐकलेला शब्द नुसत्या ओठांनी हलवत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"आजपासून मीच तुमचा कान, दाजी."

पुढे मॅनेजरची कुरकुर सुरू झाली. दर बाराला नळीत दुर्बीण लावून बसतोस, तोवर विमान काय घिरट्या घालणार का, असं तो म्हणे. मग मेहुण्यानं सोय केली. पाखऱ्या त्याच्याकडे पाठ करून जीपच्या कडेला बाहेर तोंड करून बसे; दुसरा आवाज आला की तो मागून त्याच्या खांद्यावर टपली मारी, आणि पाखऱ्या बंदूक भरी. आभाळाचा गोल तुकडा बघायचा राहून गेला. त्याच सुमारास मॅनेजर स्वस्तातली काडतुसं आणू लागला. शिक्का नाही, बिल नाही. ती बाळगणं हाच गुन्हा. ठेवली मात्र पाखऱ्याच्या पेटीत, कारण किल्ली त्याच्या कमरेला होती.

टपलीची गंमत व्हायला वेळ लागला नाही. मेहुणा तिला बटण म्हणायचा. दाजींचं बटण दाबलं की दाजी वाजतात, हे दाखवायला तो कधी सामान चढवणाऱ्यांना जीपमध्ये घ्यायचा, कधी झाडूवाल्यांना. जीप हसण्यानं हलली की पाखऱ्याला बुडाखाली कळायचं. बायकोचा भाऊ म्हणून तो मागं वळून बघत नसे.

त्या सकाळी मागं सामान चढवणारे दोघं बसले होते. पाखऱ्यानं बार काढला. जीपच्या बाजूच्या आरशात त्याला मेहुण्याचे ओठ दिसले: 'बघा हं, बटण दाबतो.' आणि टपली पडली. शब्द दिसले खरे, पण टपली दुसऱ्या आवाजाशिवायच पडली होती, हा त्यांचा अर्थ इस्पितळात लागला. हातांनी मात्र सवयीनं पुढचं काडतूस भरून उडवलं होतं, आणि नळी फुटली होती. डाव्या हाताचा अंगठा तेवढा वाचला.

चौकशीत मॅनेजरनं कानावर हात ठेवले. काडतुसं याच्या पेटीत, किल्ली याच्याकडे, मला काय माहीत? मेहुणा मान खाली घालून बोलला.

"ते बहिरे आहेत, हे आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हतं, साहेब."

मान खाली असली तरी पाखऱ्याला ओठ दिसत होते. परवाना रद्द झाला, भरपाई नाकारली, खटला गळ्यात पडला. नवी बंदूक आली ती मेहुण्याच्या हातात. काडतुसं जुन्याच माणसाकडून येत राहिली, फक्त पेटी बदलली.

महिनाभरानं एका संध्याकाळी मेहुणा घरी आला. बहिणीनं दिलेलं पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खुर्ची पाखऱ्यासमोर ओढून बसला.

"दाजी, आज एका बाराचा दुसरा आवाज आलाच नाही. तिथंच थांबलो, बंदूक तशीच ठेवून आलो. उद्या काय करायचं?"

"काय?" पाखऱ्या म्हणाला.

मेहुण्यानं ओरडून विचारलं. पाखऱ्यानं पुन्हा तेच केलं. शेवटी बायको उठली, नवऱ्याच्या समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. इतक्या वर्षांत तिच्या ओठांवरचा एकही शब्द त्याच्याकडून सुटला नव्हता.

"ऐकू येत नाही गं," तो म्हणाला.

मेहुणा हसला. जाता जाता त्यानं पाखऱ्याच्या खांद्यावर टपली मारली.

"बटण कामातून गेलं, ताई. भंगारात घाल."

दार लागल्यावर ती वळली. "तुम्हाला कळलं होतं. माझा भाऊ आहे तो."

पाखऱ्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्याशी चाललेलं बोलणं संपायला तेवढं पुरत असे. ती त्याचा खांदा हलवत राहिली, मग तोही सोडला.

सकाळी ती कपडे वाळत घालत होती. तो उंबऱ्यात बसून होता, थोटा हात मांडीवर. एकाएकी तिचे हात दोरीवर थांबले, आणि पट्टीवर पहिला बार झाल्याचं त्याला कळलं. ओलं धोतर तिच्या हातातून गळत होतं. ती कुंपणाकडे कान लावून उभी होती.

दुसरा आवाज आला का, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं. पापणी न लवू देता तो तिच्याकडे बघत राहिला.