द्वारकाक्काची पात

कंपनीतल्या नव्या पोरी मला विचारतात, "सुगंधामावशी, तुम्ही साहेबालासुद्धा सोडत नाय, मग द्वारकाक्काचं नाव निघालं की कामून गप होता?" मी म्हणते, बायांनो, त्या बाईनं मला ह्या फरशीवर उभं ठेवलं. नाय तर माझ्या तोंडापायी मी कव्हाच गेटाबाहेर पडले असते.

द्वारकाक्का शेंद्र्याचीच. तिचं शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं आन् मागनं ती बी वसाहतीत कामाला आली. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं असं फटकळ की समोरच्यानं तोंडच मिटलं पाहिजे. मी धनगराची. माझा मालक सांडू मेंढरं राखायचा. कळप विकून आम्ही मुकुंदवाडीला स्टेशनामागं खोली केली, ती माझ्या ह्या नोकरीच्या जिवावर. म्हणजे नोकरी गेली तर माघारी जायला वाडाबी नाय न् मेंढरूबी नाय.

आमच्याकडं मोटारसायकलीच्या वायरींचे जुडगे बनतात. वायरीच्या टोकाला बारीक पिन, ती प्लॅस्टिकच्या टोपीत घालायची, टक्क वाजलं की बसली. वायरी जागच्या जागी आल्या की वरनं चिकटपट्टी गुंडाळायची. आधी आम्ही लांब बाकावर बसून आख्खा जुडगा एकेकीनं करायचो. माझी बोटं जाड, पिनेला वेळ लागायचा. पण शेजारणीचं झालं की ती माझ्यातल्या चार वायरी ओढून घ्यायची. गप्पा चालायच्या, कामबी व्हायचं. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं.

मग नवे साहेब म्हणून आले त्रिंबक सर. वैजापूरकडचे, माणूस वाईट नाय, पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाय. त्यांनी आम्हाला एकत्र बोलावून सांगितलं, बाक जाणार, पट्टा येणार. जुडगा पट्ट्यावरून पुढं सरकत राहणार, एकीनं एकच काम करायचं, तेबी उभ्यानं. पट्टा कुणासाठी थांबणार नाय. दसऱ्यापर्यंत लाईन बिनतक्रार चालली पाहिजे. जिला जमणार नाय तिनं ठेकेदाराकडं झाडलोटीला जायचं.

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथं म्हणलं, "सर, आम्ही काय घाण्याचे बैल हाव का?" बायांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या द्वारकाक्कानं नाय वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, सरांनी तिलाच लाईनीची पुढारीण केलंय. झालं! मी कंपनीच्या बसमधी तिच्या शेजारची जागा सोडली. "गेली बाई साहेबाच्या पंगतीला," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणलं. तिनं ऐकलं आन् खिडकीबाहेर बघत बसली.

पट्टा सुरू झाला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाय. मला पिनांच्या जागेवर उभं केलं होतं. माझं मागं पडायला लागलं तशी डावीकडची चतुराबाई सवयीनं माझ्या जुडग्यावर वाकली. तिला वाटलं निळी वायर मी घातली, मला वाटलं तिनं घातली. तेवढ्यात तिचा स्वतःचा जुडगा हात न लावताच पुढं निघून गेला. तो धरायला तिच्या पलीकडची धावली. दुपारपर्यंत आख्ख्या लाईनीत हाच गोंधळ. शेवटी तपासणीच्या फळीवर चुकलेला जुडगा आला की लाल दिवा लागायचा न् भोंगा वाजायचा, तो थांबेचना. चतुराबाई रडायला लागली. बिचारीनं भलंच करायला हात घातला होता.

त्रिंबक सर येऊन म्हणाले, "अहो, एकमेकींच्या कामात हात घालायला हे काय शेत आहे?" आन् माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला काढा लाईनीतून. सगळं हिच्यापाशी तुंबतंय."

माझ्या डोळ्यासमोर नुसती आमची खोली यायला लागली.

द्वारकाक्का मधी आली. "सर, शेत नाय, बरोबर. पण बाया शेतातल्याच हायेत. खुरपायला बसलं की एकेकीची पात असती, म्हणजे जिच्या तिच्या वाट्याची ओळ. जी मागं पडली तिची पात शेजारणी ओढतात, सगळ्या बांधाला बरोबर जातात. तेच इथं केलं यांनी. ही सवय मोडायला आठ दिवस द्या. आन् कुणाला काढायचं ते मग मला इचारा."

सर म्हणाले, "आणि आठ दिवसांत नाही झालं तर?"

"तर आधी मला काढा."

सर होकाराची मान हलवून गेले. जिला मी चारचौघांत टोमणे मारले, ती माझ्यासाठी सोताची भाकर पणाला लावून मोकळी झाली होती!

जेवणाच्या सुट्टीत तिनं आम्हाला गोल बसवलं. म्हणली, "आता नीट ऐका. शेजारणीच्या जुडग्याला हात लावायचा नाय, तो हात तिला बुडवतो. पण शेतातबी सगळ्यींना सारखी पात देत नाय आपण. म्हातारीला अरुंद देतो, दांडगीला रुंद. आपण तसंच वाटून घेऊ. बोला, कुणाला काय जड जातंय? लाजू नका गं, लाजली ती उपाशी मेली." एकेक बाई बोलती झाली. कुणाला रंग ओळखायला उशीर, कुणाचा खांदा दुखतोय. मी तेवढी राहिले होते.

"आन् ह्या तोंडाळीला काय जड जातंय?" तिनं मला इचारलं.

मी म्हणलं, "पिना. माझी बोटं मेंढरं धरणारी हायेत अक्का."

"लोकर कातलीस ना गं तू? मग मनगट हाय तुझं. तू चिकटपट्टीवर ये."

चिकटपट्टीची जागा लाईनीत एकच अशी, जिथं स्टूल होतं. द्वारकाक्काचे गुडघे गेलेले, म्हणून सरांनीच ती तिला दिली होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणलं, "आन् तू कुठं उभी राहशील?" ती म्हणली, "तुझ्या पिनांवर. माझी बोटं अजून शाबूत हायेत, गुडघे कुठं पिना घालतात?" आन् हसली. मला हसता येईना. मी तिथंच पदर डोळ्याला लावला, सगळ्यांदेखत.

ते आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. बसमधून उतरताना दांडा धरून एकेक पायरी उतरायची. कुणाचा हात सवयीनं शेजारी गेला की लांबूनच ओरडायची, "अगं ये, पात तुझी सांभाळ!" मी चिकटपट्टी ओढायला लागले आन् मला त्या कामाचा सूर सापडला. जुडगे माझ्यापाशी तुंबायचे थांबले. खंडेनवमीला आम्ही पट्ट्याला झेंडूचं तोरण बांधलं तेव्हा भोंगा गप होता. त्रिंबक सरांनी नारळ फोडला न् सगळ्यांच्या आधी द्वारकाक्काच्या हातात खोबरं ठेवलं.

पुढं बरीच वर्षं गेली. द्वारकाक्कानं पुढारीणपण सोडून ते माझ्या बोकांडी बसवलं. आन् मागल्या साली पुन्हा बदल आला. प्रत्येकीसमोर टीव्हीसारखा पडदा, त्यावर दिसेल ती वायर घ्यायची. द्वारकाक्काची नजर अधू झालेली. पडदा बदलायचा तरी ती आधीचंच बघत राहायची. भोंगा वाजायचा तो तिच्यापाशी. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. एक दिवस मला म्हणली, "सुगंधे, मी आपली आधीच घरी बसते. माझ्यापायी तुझी लाईन नासायला नको."

मला असा राग आला! म्हणलं, "घरी बसून काय सुनेशी भांडायचंय का? तुझे गुडघे माझ्या जागी उभे राहिले तव्हा मी तुला घरी बस म्हणलं होतं का?" तिला ओढत नेलं न् चिकटपट्टीपाशी माझ्या स्टुलावर बसवलं. तिथं पडदा लागत नाय, हाताला सगळं कळतं. आन् पडद्यासमोर तिच्या जागी मी उभी राहिले, ह्या जाड बोटांनी. पिना कशा घालायच्या ते तिनंच स्टुलावर बसून मला परत शिकवलं, शिव्या घालत घालत.

तिच्या शेवटच्या दिवशी बेल झाली. माझ्या हातात एक जुडगा राहिला होता. ती चटकन उठली, हात पुढं केला, आन् मधीच आवरला. म्हणली, "घाल गं तूच. मी थांबते." मी शेवटची पिन घातली, टक्क वाजलं. मग आम्ही दोघी बरोबरच गेटाबाहेर गेलो.