एकशेदहाची बारीक तार

तमाम लालबाग-परळकरांना आणि गिरगावातल्या जाणकारांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बास गिटारला कोणत्या जाडीच्या तारा लावाव्यात, हा प्रश्न डिलाईल रोडच्या आमच्या चाळीने कायमचा निकालात काढला आहे. यापुढे कोणी त्यावर डोकं खाजवू नये.

आता झालं काय ते सांगतो. पन्नाशीत लोक मधुमेह घेतात, मी बास गिटार घेतली. चार तारा, आणि आवाज असा की कानांना कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो. चाळीच्या सत्यनारायणाला संध्याकाळी गाणी असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई कीबोर्ड वाजवतात आणि गातातही. सोबत एक ढोलकी. आणि यंदा प्रथमच मी! आजवर या पूजेत मी फक्त खुर्च्या मांडल्या होत्या. यंदा त्यातल्या एका खुर्चीवर, स्टेजवर, लोकांकडे तोंड करून बसणार होतो.

अडचण बोटांची. ऑफिसात सह्या करून करून त्यांची पार लोण्याची गत झालेली. तालमीत दोन गाण्यांनंतर मी हात झटकत कळवळायला लागलो.

"दादा, एवढं दुखत असेल तर राहू द्या," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "बास मी कीबोर्डवर डाव्या हाताने काढते. तसंही खुर्च्यांचं कोण बघणार?"

खुर्च्या! शब्द काळजात रुतला.

समोरच्या खोलीतल्या काकांनी हे सगळं गॅलरीतून ऐकलं होतं. काकांचं उभं आयुष्य गिरणीत सूत कातण्यात गेलेलं.

"तारेचो नंबर काय तुझ्या?"

"सगळ्यात जाड तारेचा एकशेपाच."

"मग नंबर वाढव! काउंट वाढलो की सूत बारीक. ह्यां मी तुका सांगूक व्हया? गिरणीवाल्याचो झील ना तू?"

आमच्या घरात हे बाराखडीच्या आधी शिकवलं जायचं. वीस काउंटची चादर, ऐंशी काउंटचं धोतर. कोणाच्या लग्नात शर्टपीस मिळालं की वडील आधी ते चिमटीत धरून काउंट सांगत, मग आहेराबद्दल बोलत. नंबर चढला की धागा उतरतो, हा आमच्यासाठी सूर्य पूर्वेला उगवण्यासारखा नियम. खिशात फोन होता, पण ज्याच्या पाठीशी दोन पिढ्यांचं ज्ञान आहे, त्याने फोनला कशाला विचारावं?

शनिवारी संध्याकाळी दादरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. "एकशेपाचच्या वरचं काय आहे?"

"एकशेदहा. पण हेवी आहे, साहेब. रॉक-मेटल वाजवता का?"

"नाही, पूजेत वाजवतो."

दुकानदाराने पाकीट पुढे केलं. पाकिटावरही 'हेवी' असं ठळक छापलेलं होतं. त्याचा अर्थ मी 'आवाज हेवी' असा लावला आणि ऐटीत घरी आलो.

आल्या आल्या जुन्या तारा पक्कडीने काटकन कापल्या. मग नवं पाकीट फोडलं. आतून जे वेटोळं बाहेर आलं, त्याने आमच्या चाळीत लिफ्ट असती तर ती सहज वर ओढली असती.

"बरं झालं आणलीत," बायको म्हणाली. "यावर गोधडी वाळेल."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तारांच्या दुनियेत नंबर म्हणजे सरळसरळ जाडी. नंबर चढला की तारही चढते! पण दुसऱ्या दिवशी पूजा, रविवारी दुकान बंद, आणि जुन्या तारांचे तुकडे पायाशी.

मी गिटारला हे दोरखंड चढवत असताना काका दारात आले. "कितीचो नंबर गावलो?"

"एकशेदहा."

काकांनी चक्क हात जोडले. "इतक्या बारीक सूत आमच्या गिरणीत पण कधी निघूक नाय!"

"या ना काका, बघा."

"नको रे बाबा. हात लागलो तर तुटात."

आणि गाभाऱ्याबाहेर थबकावं तसे ते उंबऱ्यावरच थबकले. तो भाविक चेहरा बघून मी खरं सांगायचं सोडून पुढची तार चढवायला घेतली.

पूजेच्या दिवशी दुपारी मला साक्षात्कार झाला. या तारा दाबणं बोटांच्या आवाक्याबाहेर असलं, तरी न दाबता मोकळ्या छेडायला काय जातंय? पांढरी सहा या पट्टीत बासला लागणारे मुख्य तीन सूर मोकळ्या तारांवरच मिळतात. धावत बाईंकडे गेलो.

"सगळी गाणी पांढरी सहात घ्याल?"

"कीबोर्डचं बटण दाबेन हो. गळ्याचं कुठलं दाबू?" मग त्यांनी दया केली. "पहिलं गाणं देते. शेवटच्या रांगेपर्यंत बास पोचला तर तुम्ही. नाहीतर माझा डावा हात आहे आणि तुमच्या खुर्च्या आहेत."

संध्याकाळी पहिलं गाणं सुरू झालं. बाई नको त्या पट्टीत जीव तोडून गात होत्या. मी देवाचं नाव घेऊन तार छेडली. ट्यूबलाइट शहारली. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी दचकून छातीला हात लावला. शिऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं आणि पुढे प्रत्येक ठोक्याला त्याने इमानाने साथ दिली.

गाणं संपलं. झाकण तेवढं एकदा किणकिणलं आणि गप्प झालं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून मुकाट्याने मांडीवर ठेवला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काका उभे राहिले आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बघलंस मेल्या? म्हणान सांगी होतंय, तार बारीकच व्हयी!"