बोटीत बसंपर्यंत भांडण बंद

माणूस कुठं जाऊन आला की त्याच्याकडं किस्से जमतेत. आमचं उलटंच हाय. आम्ही अजून भोकरच्या टेसनावर सायकल चढवली न्हाई, अन् किस्से ऐकायला लोकं सय्यदभाईच्या दुकानापुढं उभे राहायलेत! जायच्या आधीच एवढे झाले, तर जाऊन आल्यावर काय व्हईल बगा.

सय्यदभाईचं सायकलचं दुकान हाय. तिथं आम्ही तिघं बसतो. एक सय्यदभाई, दुसरे पंचायत समितीतले वाघमारे साहेब, अन् तिसरा मी, भाऊराव. हळद अन् सोयाबीन पिकवतो. ऐतवारी तिघं बी सायकली काढून दूरवर जातो. लोकं हसतेत. हसू द्या.

पोळा झाल्यावर वाघमारे साहेबानं मोबाईल पुढं केला. "भाऊराव, तमिळनाडूतून श्रीलंकेला बोट जाती. सायकल बी नेता येती. उतरलं की लगेच पायडल मारायचं!"

साहेबाला तिथल्या बोधिवृक्षाखाली जाऊन बसायचं हाय. त्यांच्या घरात लहानपणापासून त्या झाडाचं नाव काढतेत. सय्यदभाईला तिथल्या सायकलीची चाकं खोलून बघायचीत. अन् मला समुद्र बघायचा. इतकं वय झालं, टीव्ही सोडून कुठं बघितला न्हाई.

मी इचारलं, "समुद्राला पलीकडची कड दिसती का?"

"न्हाई."

"मग डायवरला कसं कळतं कुठं जायचं ते?"

साहेब म्हणले, "तेच बघायला जायचंय."

ठरलं मग!

* * *

पण साहेबानं एक अट घातली. म्हणले, "परमुलखात एकानं भांडण केलं तर तिघं बी आत जातील. म्हणून आजपासून बोटीत बसंपर्यंत भाऊराव कुणाशी भांडला, तर त्याचं नाव कट!"

सय्यदभाईनं मान हालवली. "हौ. समिंदर में झगडा नक्को."

मी ताडकन उठलो. "कोण म्हणतं मी भांडतो? नाव सांगा त्याचं, आत्ता जाऊन बघतो त्याच्याकडं!"

दोघं बी माझ्याकडं बघत बसले. मी परत खाली बसलो.

"आजचं धरायचं न्हाई," मी म्हणलो, "अट उद्यापासून."

* * *

आमच्यात बोटीत कुणीच बसलं नव्हतं. सय्यदभाईला तर यष्टीत बी मळमळतं. म्हणून नांदेडला गेलो, गोदावरीच्या घाटावर. तिथं एक नाववाला भेटला. आम्ही तिघं चढलो अन् मागून माझी सायकल चढवली.

नाववाला म्हणला, "ओ, सायकल कशाला? पाण्यात चालवता का?"

दुसरा दिवस असता तर मी त्याला दाखवलं असतं. पण साहेब बघायलेत. मी म्हणलो, "सवय लावायलो तिला."

सय्यदभाई डोळे मिटून बसला. दोन्ही हातानं फळी धरलेली. ओठ हालायलेत. जरा वेळानं खिशातली दस्ती काढून तोंडाला लावली अन् म्हणला, "भाऊराव, कितना दूर आये? मेरे से नै होता. वापस लेने बोलो!"

नाववाला म्हणला, "चाचा, डोळे उघडा. अजून दोरच सोडला न्हाई!"

* * *

पासपोर्टसाठी चौकशीला पोलीस घरी येतो, हे मला काय माहीत? एक दिवस फटफटीवरून शिपाई आला, अन् गल्ली रिकामी! माझा मेव्हणा जेवत होता, तो ताट सोडून मागच्या दारानं वावरात पळाला. त्यानं काय केलं होतं ते त्यानं आजवर सांगितलं न्हाई.

साहेब माझ्याच ओट्यावर बसलेले. शिपायानं शेजारच्या नामदेवला हाक मारली. हा नामदेव म्हणजे माझा धुरेकरी. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हंजी बांधावरून, आमचं बोलणं बंद. बोललो तर गाव गोळा होतं.

शिपाई म्हणला, "हे भाऊराव माणूस कसा हाय? परदेशात जायचं म्हणतेत."

नामदेवनं टोपी काढली, हात जोडले. "साहेब, देवमाणूस हाय! जाऊ द्या त्याला. उद्या जात असंल तर उद्या जाऊ द्या. फकस्त परत यायची घाई करू नका म्हणावं!"

माझ्या कानातून धूर निघाला. साहेब माझ्याकडं बघायलेत, मी नामदेवकडं. शेवटी मी म्हणलो, "नामदेवराव, चहा घेता का?"

नामदेव घाबरून घरात गेला अन् कडी लावून बसला!

* * *

सरावाला भोकरवरून लातूर, अन् लातूरवरून निलंग्याला निघालो. वाटंत मुक्काम केला. अहमदपूरच्या बाजूला चढ लागतो, तिथं माझा दम खलास. मी उतरून सायकल ढकलायलो.

मागून सय्यदभाई आला अन् म्हणला, "भाऊराव, बाजारात बोलायलेत, तुमची हळद कच्चीच ऱ्हाती. शिजवता येत न्हाई म्हणे."

"कोण बोलतं?" मी म्हणलो.

"आडतीवर. समदेच."

भांडायचं तर न्हाई. मग करता काय? बसलो सायकलवर अन् असं पायडल हाणलं की चढ संपला तरी थांबलो न्हाई. हे दोघं दिसंनात म्हणून बाभळीखाली बसून ऱ्हायलो.

साहेब आले ते हसतच. तवापासून चढ आला की साहेब सय्यदभाईला म्हणतेत, "भाई, हळद!"

* * *

निलंग्याच्या अलीकडं एका हॉटेलात भजे खायला बसलो. हॉटेलवाला सायकलीकडं बघून म्हणला, "कुठं निघालात?"

"श्रीलंकेला."

"मग निलंग्याला कामून आलात?"

"सराव करायलोत."

लई चौकस माणूस. तिथं भाषा कोणती, रस्ते कसे, कुत्रे मागं लागतेत का, समदं इचारलं. आम्हाला एक बी माहीत नव्हतं. शेवटी त्यानं इचारलं, "बोटीत सायकलवाले किती?"

"आम्ही तिघं."

"मग संभाळून. मधीच इंजिन बंद पडलं तर पायडल मारायला तुम्हालाच बसवतील!"

सय्यदभाईनं हातातलं भजं खाली ठेवलं.

* * *

आता तारखेचं ऐका. तारीख मीच काढली होती. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, हरभरा पेरून झाला की माणूस मोकळा. पाऊस बी संपलेला. ह्याच्यापरीस चांगला टाईम कुठला?

जायला थोडे दिवस ऱ्हायले तसं साहेबानं बोटीच्या हाफिसात फोन लावला. तिकडला माणूस मोडक्या हिंदीत म्हणला, "बारिश है. हवा है. बोट बंद. दो-तीन महिना."

साहेब म्हणले, "बारिश? इधर तो कडक धूप है!"

आपला पाऊस गेला की तिकडचा सुरू व्हतो म्हणे! आम्हाला कुणी सांगायचं? आमचा पाऊस संपला म्हणजे जगाचा संपला, असं धरून चाललो होतो आम्ही.

अन् साहेब तापले. जिंदगीत आवाज न चढवलेला माणूस! "पहिलं सांगायला काय झालं होतं? रजा काढलीय मी! कुठाय तुमचा मोठा साहेब?" पार दुकानाबाहेरचे लोकं आत आले.

समुद्र हातात आला होता की हो! पण नाव कट व्हईल ह्या भेवानं मी साहेबाच्या हातातून फोन घेतला अन् म्हणलो, "भैया, आराम से. समिंदर तुम्हारे हुकूम में थोडी है. हवा रुकी तो बोलो, हम आते."

सय्यदभाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

घरी आलो. बायको मारुतीच्या देवळातून येत होती. हातात फोडलेला नारळ.

मी म्हणलो, "बोट बंद झाली."

"कळलं मला," ती म्हणली. "नवस बोलले होते."

मी दात आवळले. "बोट बंद पडावी म्हणून नवस?"

"बंद न्हाई ओ, जरा उशिरा सुटावी म्हणून. पोळ्यापासून ह्या घरात आरडाओरड झाली न्हाई. जेवताना ताट फेकलं न्हाई कुणी. म्हणलं, अजून थोडे दिवस मिळाले तर बघावं."

मी तोंड उघडलं.

तिनं त्यात खोबऱ्याचा तुकडा ठेवला अन् म्हणली, "वाघमारे साहेबाला फोन लावू का?"