टायरातली जास्तीची हवा
तापलेल्या रबराचा वास आला की मे महिन्यातली ती दुपार आठवते आणि माझं डोकं आजही तापतं. अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या नोकरीसाठी माझी मुलाखत होती आणि बाबा मला अमरावतीहून त्यांच्या जुन्या गाडीतून घेऊन निघाले होते. पंपावर त्यांनी चारही टायरांत हवा ठासून भरायला लावली. मी म्हटलं, "बाबा, उन्हानं आतली हवा तापेल, तिला पसरायला जागा नाही, म्हणजे दाब अजून वाढेल. थोडी कमी करा." ते म्हणाले, "मले नको शिकवू. टायर कडक असला का गाडी पयते." बडनेरा मागे पडलं. डांबर वितळून चकाकत होतं, खिडकीतून भट्टीसारख्या झळा येत होत्या. मी पुन्हा सांगितलं, तर त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागचा टायर धाडकन फुटला आणि गाडी हेलपाटत एका बाभळीखाली कशीबशी थांबली. आम्हाला काही झालं नाही, पण स्टेपनी लावून पोचेपर्यंत मुलाखती संपल्या होत्या. बाबा फाटकावरच्या शिपायाला काकुळतीनं सांगत होते, "पोरगी लय हुशार हाये हो, टायरच कच्चा निंगाला." त्यांचे हात काळे झाले होते, सदरा घामानं अंगाला चिकटला होता, त्यामुळे मला धड ओरडताही येईना. पुढे मला अमरावतीतच नोकरी लागली. वायूंचा धडा मी दरवर्षी शिकवते, मुलांना तो एका तासात समजतो. बाबांना मात्र अजून समजावतेच आहे, आणि ते ताट पुढे सरकवत म्हणतात, "हवेवरून काय भांडून राहिली, जेव आधी."