नातीची तीन गाणी आणि माझं एक

सेन्सॉरच्या परवानगीसाठी नाटकाची संहिता पाठवताना मी जुनी फाइल पाठवली. नवी तिच्या शेजारीच होती. जुनीचं नाव ‘फायनल’, नवीचं ‘फायनल खरं’. दोन्ही नावं मीच दिलेली, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नव्हती.

नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवलं होतं. नाटक मी लिहिलं, गाणी माझी, आणि त्यातला दारुडा मामाही मीच. गोष्ट खाडीकाठच्या घराची. त्यात एक आठ वर्षांची नात होती, आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या आठ वर्षांच्या मुली कथकला नाहीतर अबॅकसला जात होत्या. तेव्हा मला आमच्या गेटबाहेर मासळी विकणाऱ्या मावशींची नात आठवली. मावशी जवळच्या दिवाळे गावच्या. रविवारी नात त्यांच्यासोबत यायची आणि टोपलीशेजारी बसून खणखणीत आवाजात गायची.

मावशींनी एकच अट घातली. “पोरीला गानं पायजे. नुसती उभी करनार असशील तर नको.”

“मावशी, चार कडव्यांचं गाणं लिहिलंय,” मी छाती फुगवून म्हणालो.

लिहिलं होतंच. बाप होडी घेऊन गेलाय आणि नात भरतीला सांगते, जरा थांब, बाबा अजून आले नाहीत. पोरीने ते दोन दिवसांत पाठ केलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने ते कापलं.

आमचा दिग्दर्शक महाप्याच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तालीमही तो हातात स्टॉपवॉच घेऊन घ्यायचा. “दोन तासांत बसत नाही रे. पोरीचं उडव.”

“तिचंच का?”

“ती भांडत नाही.”

खरंच होतं. खजिनदारांचं गाणं कापलं असतं तर ते रुसले असते. सेक्रेटरीबाईंचं कापलं असतं तर हॉलची किल्ली गेली असती. आणि मामाचं गाणं सगळ्यांत लांब होतं, पण ते कापा असं सुचवणारा माणूस लेखकच असायला हवा होता, आणि लेखकाला त्या वेळी काहीतरी टिपून घ्यायचं होतं.

पोरीला सांगायची हिंमत होईना, म्हणून दुसरं गाणं लिहिलं, दोन कडव्यांचं. ते होडीवर बसून म्हणायचं होतं. मग नेपथ्यातून होडीच गेली, कारण ती हॉलच्या दारातून आत येईना. होडीबरोबर गाणंही गेलं. तिसरं चार ओळींचं लिहिलं. प्रत्येक वेळी पोर विचारायची, “काका, मग जुनं?” मी म्हणायचो, “ठेव बाजूला.” ती मान डोलवायची. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवार म्हणजे तर शिक्षाच झाली. मासळी दुसरीकडून घ्यावी तर मावशी गेटवरच बसलेल्या. बायको शाकाहाराला तयार नाही. मागच्या गेटने बाहेर पडायचं मनात आणलं, तर ते सिक्युरिटीने कायमचं बंद केलेलं. मी दिसलो की मावशी टोपलीच्या तळातून चांगला पापलेट काढायच्या.

“चार कडवी हायेत ना रं अजून?”

“आहेत की.”

“आक्खं दिवालं येनार हाय बघाया.”

पापलेट घरी यायचा. मी त्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता जेवायचो.

प्रयोगाला सहा दिवस उरले असताना शिक्के मारलेली संहिता आली. दिग्दर्शकाने पानं उलटली, आणि त्याचा चेहरा सर्व्हर बंद पडल्यासारखा झाला. प्रत्येक पानावर शिक्का, आणि आत पोरीचं पहिलं गाणं, चारही कडव्यांसकट. दुसरं नाही, तिसरं नाही.

नियम साधा होता. मंजूर संहितेतलं काही गाळलं तर चालतं, नसलेलं घुसडता येत नाही. म्हणजे पोर एक तर पहिलं गाणं म्हणणार, नाहीतर नुसती उभी राहणार. नव्या मंजुरीला वेळ उरला नव्हता. आणि पहिलं ठेवायचं तर तेवढ्याच लांबीचं दुसरं काहीतरी काढायला हवं होतं.

हॉलमध्ये खजिनदार माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरीबाई किल्ली फिरवत माझ्याकडे बघत होत्या. दिग्दर्शकाने स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. एकटं मामाचंच गाणं तेवढं भरत होतं. दाराशी सेक्रेटरीबाईंची खुर्ची होती, म्हणजे सटकायलाही वाट नव्हती.

“पण ती पहिलं विसरली असेल,” मी शेवटचा प्रयत्न केला.

खुर्च्यांच्या थप्पीवर बसलेली पोर म्हणाली, “मला येतं. आजीला रोज तेच म्हणून दाखवते. बाकीची दोन तिला सांगितलीच नाहीत.”

“का गं?”

“तिला वाईट वाटलं असतं. आणि तुम्हाला ओरडली असती.”

म्हणजे इतके रविवार मी पापलेट खात होतो ते या पोरीच्या मेहेरबानीने. मी पेन काढलं आणि मामाच्या गाण्यावर काट मारली.

प्रयोगात पोर भरतीला थांब म्हणाली आणि आख्खं थिएटर थांबलं. दिवाळ्याची मंडळी मागच्या रांगांत उभी राहिली होती. मी विंगेत मामाच्या फाटक्या शर्टात, हातात रिकामी बाटली घेऊन उभा होतो. बक्षीस मिळालं नाही. तिच्या गाण्याला मात्र टाळ्या पडल्या, पडदा पडल्यावर पडल्या त्याहून जास्त.

रविवारी मी उजळ माथ्याने गेटवर गेलो. थोडं कौतुक पदरात पडावं म्हणून मुद्दाम विषय काढला. “मावशी, तुमच्या नातीसाठी मी माझं आख्खं गाणं सोडलं बरं का.”

मावशी खवले काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पोरीसाटी कशाला, लोकांसाटी सोडलंस. तालमीच्या पयल्या दिवशी दारात उभी राहून आयकलाय मी तुला गाताना.”